गोलकीपरचे पॅड शिवून देणारे धुळ्याचे आबा

धुळ्यात हॉकीच्या गोलकीपरचं किट दुरुस्त करून मिळतं का, असं गेल्या महिन्याभरात चार शाळांच्या सरांनी मला विचारलं. मिळतं. आग्रा रोडवरून पांझरेकडे उतरणाऱ्या एका गल्लीत पत्र्याच्या शेडखाली आबांचं दुकान आहे. पाटी नाही. बाहेर शाळेची दप्तरं आणि चपला टांगलेल्या दिसल्या की तेच.

मी स्वतः शाळेपासून विद्यापीठापर्यंत अकरा वर्षं गोलमध्ये उभी राहिले. आता मुलींच्या संघाची व्यवस्थापक आहे, म्हणजे तिकिटं, जेवणाचा भत्ता, प्रवेशिका आणि किट. संघाचं बजेट बसलं की आधी स्टिका येतात, मग जर्सी, आणि उरलं तर गोलकीपर. माझ्या वेळी शाळेत क्रिकेटचे जुने पॅड होते. पावसात भिजले की दुसऱ्या हाफमध्ये पाय उचलायचा नाही. आता त्या टेबलावर मी बसते, आणि यंदा गोलकीपरचं किट यादीत पहिलं लिहिलं.

हे लिहायचं बळ मला कुठून आलं तेही सांगते. भाऊ टोरांटोला असतो. २०२५ च्या सप्टेंबरात केन ड्रायडन, आइस हॉकीचा नावाजलेला गोलकीपर, वारला तेव्हा त्यानं एक जुना फोटो पाठवला. खेळ थांबलाय, बर्फावर काठी उभी रोवलेली, तिच्या टोकावर दोन्ही हात आणि हातांवर हनुवटी टेकून सहा फूट चार इंचाचा माणूस शांत उभा. खाली भावानं लिहिलं होतं, ‘ताई, तू अशीच उभी राहायचीस.’ त्या रात्री मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचलं. १९७१ मध्ये मॉन्ट्रियल कॅनेडियन्सकडून लीगचे फक्त सहा सामने खेळून तो प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, उतरला, लीगच्या विजेत्याचा स्टॅनले कप जिंकला आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. आठ हंगामांत सहा कप. लीगचे ३९७ सामने, त्यात हार फक्त ५७. मधलं १९७३-७४ चं पूर्ण वर्ष मानधनाच्या वादावरून तो खेळलाच नाही, टोरांटोत वकिलीची उमेदवारी केली. ३१ व्या वर्षी निवृत्त.

आणि १९९७ मध्ये तो टोरांटो मेपल लीफ्सचा अध्यक्ष झाला. ज्या संघाला १९९७ आणि १९९८ ला प्लेऑफही गाठता आला नव्हता, तो १९९९ पासून सलग सहा वर्षं प्लेऑफमध्ये होता. कप मात्र नाही आला. त्याच्या काळात, १९९८ साली, पॅट क्विन कोच म्हणून आला आणि गोलमध्ये कर्टिस जोसेफ आला. संघ उभा करायचा तर गोलपासून, हे मला फार पटलं. गोलकीपर सबंध सामना पाठीमागून बघत असतो. कोण दमलंय, कोणाच्या पायात गोळा आलाय, कोण जागा सोडून पळतंय, सगळं त्याला दिसतं.

आता दुकानाकडे. आमचं ऑनलाइन मागवलेलं किट साडेअठरा हजारांचं. दोन महिन्यांत डाव्या पॅडची दोन बकलं तुटली, किकरचा, म्हणजे बुटावरच्या पॅडचा, पट्टा फाटला आणि आतला फोम सुटला. विकणाऱ्यानं ‘वापरलेला माल’ म्हणून हात वर केले. मी आमच्या गोलकीपर पोरीला सोबत घेऊन आबांकडे गेले. ‘बठ माय, दखू दे माले,’ म्हणाले आणि पॅड मांडीवर घेतला. असलं सामान त्यांनी पूर्वी पाहिलं नव्हतं. पण त्यांचा पहिला प्रश्न ऐकून मी थक्क झाले: ‘पोर कोन्ता अंगवर जास्ती पडस?’

आजवर एकाही खेळसाहित्याच्या दुकानात मला हे कुणी विचारलं नव्हतं. पोर डावीकडे घसरते. आबांनी तिला तिथेच पॅड बांधायला लावले, गोणपाट अंथरून घसरायला लावलं, आणि बकल नेमकं जमिनीवर कुठे घासतं ते खडूनं खूण करून ठेवलं. मग बकलाची जागाच बदलली, बाजूचं पोटरीच्या मागे नेलं. मुरमाच्या मैदानावर आता ते खाली येतच नाही. पट्ट्याला दप्तराची जाड नायलॉनची पट्टी, मेण लावलेला दोरा, आरीनं दुहेरी टाके. फोम चिकटवण्याआधी त्यांनी कोपऱ्यावर थेंबभर सोल्युशन लावलं आणि चहा होईपर्यंत थांबले. फोम विरघळत नाही याची खात्री झाल्यावरच पुढचं काम.

सगळ्याचे मिळून ६४० रुपये. तीन महिने झाले, रोजचा सराव आहे, एक टाका उसवलेला नाही.

उणं काय ते सांगायला हवं. चार दिवस सांगून नऊ दिवस लागले. त्यात आमचा एक सामना गेला आणि पोर उसन्या पॅडवर खेळली. आबा फोन उचलत नाहीत, जाऊनच विचारावं लागतं. स्पर्धेच्या तोंडावर त्यांच्यावर अवलंबून राहू नका, पंधरा दिवस हातात ठेवा.

आणि हेल्मेट नेऊ नका. आमच्या हेल्मेटला कानाजवळ केसासारखी बारीक चीर होती. मला वाटलं आतून पट्टी मारून देतील. आबांनी बोटानं चीर चाचपली आणि परत केलं. ‘डोकं माले शिवता येत नही माय, नवं ली ये.’ आइस हॉकीच्या मोठ्या लीगमध्ये गोलकीपर कायमचा मास्क घालू लागला तो १९५९ मध्ये, जाक प्लांट या गोलकीपरच्या तोंडावर पक, म्हणजे त्यांची रबराची चकती, बसून टाके पडल्यानंतर. तो पक आणि आपला चेंडू वजनाला जवळपास सारखेच, आपला १५६ ते १६३ ग्रॅम. मी त्याच आठवड्यात नवं हेल्मेट मागवलं, जर्सीच्या पैशांतून.

सकाळी अकराच्या आत जा, उन्हाळ्यात तर नक्कीच, दुपारी पत्रा तापला की ते काम ठेवून देतात. पॅड आधी दोन दिवस सावलीत वाळवून न्या. ओला माल आबा हातात घेत नाहीत. आणि जिच्या पायात ते पॅड जाणार, त्या पोरीलाही सोबत न्या.