पॅडल नसलेली सायकल आणि कोल्हापुरातले रविवार : दिवाळी ते बेंदूर वापरून

दिवाळीत लेकीसाठी बॅलन्स बाईक घेतली तेव्हा ती नुकतीच दोन वर्षांची झाली होती. आता बेंदूर होऊन गेला. मधल्या काळात बहुतेक प्रत्येक शनिवार-रविवारी ही सायकल घराबाहेर पडली आहे, त्यामुळे बरं-वाईट दोन्ही सांगण्याइतका वापर झालाय. आधी निकाल सांगून टाकते: घ्या. पण 'पोरगं लवकर सायकल शिकेल' एवढ्यासाठीच घेणार असाल तर थोडं थांबा. आमच्याकडे तिचा खरा फायदा वेगळाच झाला. पूर्वी रंकाळ्यावर गेलं की पोरगी चार पावलं चालून "उचल" म्हणायची आणि पुढचा सगळा फेरफटका तिच्या बाबाच्या खांद्यावरून व्हायचा. आता संध्यामठ दिसेपर्यंत स्वतः जाते, आणि मागं पडतो ते आम्हीच.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: दोन चाकं, हँडल, सीट. पॅडल नाही, चेन नाही, आमच्या मॉडेलला ब्रेकही नाही. मुलानं सीटवर बसून दोन्ही पायांनी जमीन ढकलायची. घरी खोकं उघडलं तेव्हा सासूबाईंनी सगळीकडून बघितलं आणि म्हणाल्या, "पॅडल कुठायत? निम्मीच दिली व्हय दुकानदारानं?" त्यांना सांगितलं की जगातली पहिली दुचाकी अशीच होती. जर्मनीत कार्ल ड्राईस नावाच्या माणसानं १८१७ साली लाकडाची केलेली, आणि मोठी माणसं ती पायांनी ढकलतच पळवायची; पॅडल यायला पुढं काही दशकं गेली. त्यावर "मग आता तरी लावून द्यायची की" असं उत्तर आलं. मुद्दा चुकीचा नव्हता.

पॅडल का नको, हे मात्र वापरताना चांगलंच कळलं. बाजूला छोटी चाकं लावलेली सायकल कलतच नाही. तिच्यावर मूल पॅडल मारायला शिकतं, तोल सांभाळायला नाही, आणि चाकं काढली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. इथं उलटं होतं: तोल आधी, पॅडल नंतर. वळताना अंग कुठल्या बाजूला झुकवायचं हे कुणी न सांगता पोरीला कळलं.

पण लगेच नाही. पहिले कितीतरी दिवस ती सीटवर बसलीच नाही. सायकल दोन पायांमध्ये घेऊन बदकासारखी चालायची, मध्येच टाकून द्यायची आणि कुत्र्यामागं पळायची. आबा, म्हणजे माझे सासरे, वाकून मागून ढकलायला बघायचे. त्यात त्यांची कंबर धरली आणि पोरगी पाय उचलून आरामात बसायला शिकली, म्हणजे जे शिकायचं ते सोडून. शेवटी घरात नियम केला की हँडलला आणि सीटला कुणीच हात लावायचा नाही, फक्त शेजारून चालायचं. मग आपोआप बसली, बसून चालू लागली, पावलं लांब झाली. थंडी सरता सरता शिवाजी विद्यापीठाच्या आवारात, किंचित उताराच्या रस्त्यावर, तिनं पहिल्यांदा दोन्ही पाय वर घेतले. सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी एक काका थांबून "लई भारी!" म्हणाले. तेव्हापासून उतार दिसला की ती स्वतःच ओरडते, लई भारी.

जागेबद्दल सविस्तर लिहिते, कारण ही सायकल चांगली की वाईट हे निम्मं जागेवर ठरतं. रंकाळा सकाळी आठच्या आत उत्तम. संध्याकाळी, त्यातून रविवारी, चौपाटीकडं भेळेच्या गाड्यांची गर्दी इतकी असते की ब्रेक नसलेलं पोर तिथं सोडूच नये. पेव्हर ब्लॉकवर फोमची चाकं खडखडतात, पण तिला तो आवाजच आवडतो. विद्यापीठ सगळ्यात चांगलं: रुंद रस्ते, झाडं, सकाळी वाहनं कमी. तरी उतारावर एक मोठा माणूस खालच्या बाजूला उभा पाहिजेच. टाऊन हॉलची बाग छोट्या फेरीला ठीक. तिथं तिचं लक्ष सायकलपेक्षा झाडांवर जास्त. भवानी मंडपात हौसेनं नेऊ नका, दगडी फरशी आणि दर्शनाची गर्दी, दोन्ही जमत नाही.

उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर आम्ही बाहेर पडलोच नाही. पावसाळ्यात खरी अडचण आली. फोमची चाकं पंक्चर होत नाहीत, हलकी असतात, पण ओल्या फरशीवर घसरतात, आणि शेवाळ असेल तर विचारूच नका. हवेच्या चाकांची पकड चांगली, पण सायकलचं वजन वाढतं. आपल्याकडचा पाऊस बघता मी पुन्हा घेतली तर हवेचीच घेईन. सध्या पाऊस असला की अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये खडूनं रस्ता काढून देते: इथं गंगावेस, इथं दूध कट्टा, इथं आत्याचं घर. दूध कट्ट्यावर थांबून खोटं खोटं धारोष्ण दूध पिऊन झाल्याशिवाय गाडी पुढं जात नाही. खरं सांगायचं तर हा खेळ तिला रंकाळ्याइतकाच आवडतो आणि मला कमी पळावं लागतं.

आता तक्रारी. सीट घट्ट करायचा खटका दोन-तीन महिन्यांत ढिला पडला. पोरगी बसली की सीट हळूहळू खाली. कंपनीला मेल केला, "फोटो पाठवा" म्हणाले, पाठवले, पुढं सामसूम. शेवटी नवरा सायकल घेऊन उद्यमनगरात गेला. तिथल्या लेथवाल्यानं बघितलं, सीटच्या दांडीभोवती पातळ पत्र्याची पट्टी गुंडाळली, प्लॅस्टिकचा खटका काढून साधा ॲलन बोल्ट आवळला. पैसे चहापुरते घेतले. त्यानंतर सीट जागची हललेली नाही. फक्त आता उंची वाढवायची तर पाना लागतो.

दुसरी तक्रार कंपनीवर नाही, सायकलच्या जातीवरच आहे. परतीच्या वाटेवर मुलाचा मूड जातो. मग एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात सायकल. म्हणून वजन बघून घ्या, साडेतीन किलोच्या वर नको. मी जुनी ओढणी फ्रेममधून काढून खांद्याला अडकवते. बघायला विचित्र दिसतं, पण हात मोकळे राहतात.

बुटांचं कुणी सांगत नाही. ब्रेक नाही म्हणजे थांबायचं बुटांनीच, त्यामुळे टोकं झिजतात. सणावाराचे बूट घालून नेऊ नका, आणि चपला तर अजिबात नको. हेल्मेट पहिल्या दिवसापासून घाला, म्हणजे तो सायकलचाच भाग वाटतो. कपाळावर भुवयांच्या वर दोन बोटं राहतील असा बसला पाहिजे, टोपीसारखा मागं सरकलेला नको. आमचीनं सुरुवातीला काढून फेकला, मग बाबाही घालून चालायला लागल्यावर मुकाट घातला. रंकाळ्यावर पायी चालणारा हेल्मेटवाला माणूस दिसला असेल तर तो आमचाच.

मापाचं एक करा. वयावर जाऊ नका, खोक्यावर दीड ते पाच वर्षं असं काहीही लिहिलेलं असतं. मुलाला बूट घालून भिंतीला पाठ लावून उभं करा, मांड्यांमध्ये पुस्तक आडवं वरपर्यंत सरकवा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. सीट त्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खाली आली पाहिजे, म्हणजे दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतात. सीट सगळ्यात खाली केल्यावर किती उंच राहते, हे दुकानदाराला आधी विचारा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांत एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी असं आहे. वाचून आधी दडपण आलं होतं. सायकल असलेल्या दिवशी तो हिशेब कुणी करत बसत नाही. दुपारची झोप गाढ लागते आणि आम्हाला तांबडा-पांढरा गरम असताना जेवता येतो.

बेंदराला मातीच्या बैलांशेजारी सायकलही पाटावर ठेवायला लागली, हँडलला गोंडे बांधून. गोंडे अजून तसेच आहेत, पुढच्या चाकात अडकणार नाहीत एवढे आखूड केलेत.

शेजारच्या वहिनींनी जुनी झाल्यावर द्याल का म्हणून विचारलंय. साधारण चार वर्षांपर्यंत ही पुरेल, मग थेट बाजूची चाकं नसलेली पॅडलची सायकल. त्यामुळे सध्या तरी त्यांना नंबर लावून ठेवायला सांगितलंय.