एफएसटॅबमध्ये काय लिहायचं: एसडीबी, यूयूआयडी की लेबल?

व्हर्च्युअल सर्वरला दुसरी डिस्क जोडली, पार्टिशन पाडलं, फॉरमॅट मारलं, इथपर्यंत सगळ्यांचं सारखंच असतंय. ती एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठली डिस्क कुठं माउंट करायची, म्हणजे जोडायची, ते सांगणारी लिनक्सची फाइल) कुठल्या नावानं लिहायची हे मात्र पोरं परत परत विचारायलेत, म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी बघतो ते बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांचे आणि खानापूर-निपाणीकडच्या छोट्या ऑफिसांचे सर्वर, मोठ्या डाटा सेंटरवाल्यांचा हिशेब वेगळा असू शकतोय.

सरळ /डेव्ह/एसडीबी१ लिहिणं वाचायला मस्त, पण ते नाव डिस्कचं नसतंय, कर्नलला जशी डिस्क सापडेल तसं ते वाटत जातो आणि पुढच्या बूटला तोच क्रम राहील याची हमी कोण देत नाही. त्यात झेन हायपरवायझरवर (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) एक्सव्हीडीबी, केव्हीएम हायपरवायझरवर व्हर्टआयओ ब्लॉक (व्हर्च्युअल डिस्क जोडायची एक पद्धत) घेतलं तर व्हीडीबी, तीच डिस्क व्हर्टआयओ स्कझीवर टाकली की एसडीबी, म्हणजे मशीन हलवलं की एफएसटॅब बदला. डिस्क सापडली नाही तर निदान कळतं तरी, डाटाच्या जागी बॅकअपची डिस्क माउंट झाली तर बोंबलायचं कुणाच्या नावानं? हे सोडाच.

आता खरी निवड यूयूआयडी (फॉरमॅट करताना पडणारा लांबलचक ओळख क्रमांक) आणि लेबल (आपण दिलेलं छोटं नाव) यातली. दोन्ही फाइलसिस्टिमच्या आतच असतात त्यामुळं डिस्क कुठंही जोडा, नाव तिच्याबरोबर जातं. बहुतेक लोक यूयूआयडी सांगतात आणि ते चूक आहे असं मी म्हणणार नाही, ती आपोआप तयार होते आणि सहसा दुसऱ्या कुणाशी जुळत नाही.

पण मला तिचा कंटाळा आला तो फोनवर. सर्वर बूट अर्धवट सोडून इमर्जन्सी मोडमध्ये अडकलाय, नेटवर्क नाही, लांबून शिरायला एसएसएच नाही, समोर आहे फक्त ब्राउजरमधला कन्सोल ज्यात पेस्ट चालत नाही, आणि कीबोर्डवर बसलाय तिथला अकाउंट्सचा माणूस. त्याला एफएसटॅबमधली ओळ आणि ब्लकआयडीचं (डिस्कांच्या यूयूआयडी नि लेबल दाखवणारी कमांड) आउटपुट वाचून ताडायला सांगा बघू. डॅश धरून ३६ अक्षरं, आणि हेक्समधली बी, सी, डी, ई फोनवर सगळी एकसारखीच ऐकू येतात. मग सुरू होतं आमचं, ए अथणीचा, बी बेळगावचा, सी चिकोडीचा, डी धारवाडचा, आणि ई आला की दोघंही गप्प. पलीकडचा कन्नडमध्ये आकडे म्हणतोय, मी मराठीत परत म्हणून खात्री करतोय, तेवढ्यात मागून मालक विचारतोय बिलं कधी निघणार.

लेबल असतं तर विचारलं असतं, ‘खातेडाटा’ दिसतंय का ओ? दिसतंय. संपलं.

दुसरं म्हणजे डिस्क बदलून नव्यानं फॉरमॅट केली की यूयूआयडी नवी येते. लेबल मात्र फॉरमॅट करतानाच तेच देता येतं आणि एफएसटॅबला हात लावायला लागत नाही.

लेबलचेही नखरे आहेत. ईएक्सटी४ फाइलसिस्टिममध्ये लेबलला १६ बाइट, एक्सएफएसमध्ये १२च अक्षरं, त्यामुळं इंग्रजी अक्षरात आणि आखूड ठेवा. सगळीकडं नुसतं ‘डाटा’ ठेवलंत आणि एका मशीनची डिस्क दुसऱ्याला जोडलीत की गोंधळ ठरलेला, मशीनचं छोटं नाव पुढं लावा. क्लोनच्या (डिस्कची हुबेहूब नक्कल) बाबतीत मात्र लेबल काही वाचवत नाही, लेबलही डुप्लिकेट आणि आतली यूयूआयडीही. एक्सएफएस तर तीच यूयूआयडी आधी माउंट असली की दुसरी घेतच नाही, तिथं एक्सएफएस_अ‍ॅडमिननं नवी यूयूआयडी पाडा, आणि लेबलही बदला.

रूट पार्टिशनला इन्स्टॉलरनं यूयूआयडी लावली असेल तर मी ती तशीच सोडतो. शंभरेक मशीन स्क्रिप्टनं चालवणाऱ्यांनीही बिनधास्त यूयूआयडी घ्यावी, त्यांना कुठं फोनवर वाचून दाखवायचंय.

डिस्क पुसायची कमांड चालवताना मात्र एसडीबी नको नि लेबलही नको, तिथं बाय-आयडीचा (डिस्कच्या सीरियल नंबरवरनं पडणारा) पाथ द्या. व्हर्टआयओ ब्लॉकच्या डिस्कला हायपरवायझरमध्ये सीरियल दिलं असेल तरच ती तिथं दिसते आणि त्याला २० अक्षरांची मर्यादा आहे, म्हणून डिस्क बनवतानाच ते भरा.

आणि काहीही निवडा, डाटाच्या ओळीत नोफेल (डिस्क नसली तरी बूट पुढं जाऊ दे, असं सांगणारा पर्याय) घाला, नाहीतर डिस्क न सापडल्यावर सिस्टमडी (बूट सांभाळणारा प्रोग्रॅम) दीड मिनिट वाट बघून इमर्जन्सी मोडला नेतं. रीबूटच्या आधी फाइंडमाउंट व्हेरिफाय (एफएसटॅब तपासणारी कमांड) चालवा, एररची ओळ आली तर रीबूट उद्यावर टाका.