घराचं वय कोणाला विचारावं: फ्रिजला, पंख्याला की भिंतीला?

कोकणात जुनं घर बघायला गेलं की मधला माणूस आकडा फेकतो, "असेल तीस-पस्तीस वर्षांचं." कागद हातात येईपर्यंत हा आकडा घरातल्या विजेच्या वस्तूंवरून पडताळता येतो. मात्र सगळ्यांची साक्ष सारख्या मोलाची नसते.

फ्रिज वाचायला सर्वांत सोपा आणि घराच्या वयासाठी जवळपास निरुपयोगी. मुंबईत नवा घेतला की जुना गावच्या घरी धाडायचा, ही चाकरमान्यांची रीत. त्यामुळे घरापेक्षा फ्रिज म्हातारा, हे इथे नवल नाही. उलटही होतं: खाऱ्या वाऱ्याने तळाचा पत्रा खाल्ला जातो आणि शंभरीच्या घरात कालचा फ्रिज दिसतो. तरी बघायचाच तर मागे कॉम्प्रेसरजवळची पट्टी बघा. गॅस ‘आर-12’ लिहिला असेल तर माल 2003 च्या आधीचा, कारण 1 जानेवारी 2003 पासून नव्या फ्रिजमध्ये सीएफसी, म्हणजे आर-12 सारखे ओझोनचा थर विरवणारे वायू, वापरायला बंदी आली. वीजबचतीच्या ताऱ्यांचं लेबल 2006 पासूनचं. त्यावर उत्पादनाचं वर्षच छापलेलं असतं.

छताचा पंखा त्याहून बरा. बंद पडेपर्यंत त्याला सहसा कोणी हलवत नाही. पाटी बहुधा मोटरच्या वरच्या अंगाला असते, खालून दिसत नाही. वीज बंद करून स्टुलावर चढा, जळमटं पुसा आणि कंपनीचा पत्ता वाचा. ‘बॉम्बे 13’ असा आखूड विभाग क्रमांक असेल तर पंखा बहुधा पन्नाशी ओलांडलेला; सहा आकडी पिन कोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला. पत्त्यात ‘कोलकाता’ असेल तर पंखा 2001 च्या आधीचा नव्हे. पण ‘कलकत्ता’ दिसलं म्हणून तो जुनाच, असं धरू नका. कंपन्या जुनी नावं पुढेही चालवतात. दांड्याच्या वाटीतल्या कपॅसिटरवर महिना-वर्ष असतं, त्यावर तर मुळीच जाऊ नका. अडीच मायक्रोफॅरॅडचा तो तुकडा पंख्याच्या आयुष्यात दोन-तीनदा सहज बदलला जातो.

खरी कामाची साक्ष वायरिंगची, कारण ते उचलून आणता येत नाही. लाकडी पट्टीवर क्लिपांनी बसवलेली वायर, गोल काळी बटणं, चिनीमातीचे फ्यूज हा जुना थाट. वायरवर कापडी वेणी आणि आत रबर असेल तर ती पीव्हीसी प्लॅस्टिकच्या वायरी सर्रास होण्याआधीची, म्हणजे साधारण सत्तरच्या दशकापूर्वीची. हे रबर वाळून कडक होतं, वाकवलं की भुगा पडतो. म्हणून हात लावण्याआधी मेन स्विच पाडा, टेस्टरने खात्री करा आणि मीटरपासून मेनपर्यंतच्या वायरला तरीही शिवू नका. तिच्यात वीज असतेच. अशी वायर सापडली तर पूर्ण वायरिंग नव्याने करायचा खर्च किमतीत धरूनच बोलणी करायची.

पण वायरिंगचं वय म्हणजे घराचं वय नव्हे. गावात वीज घर बांधल्यानंतर कितीतरी वर्षांनी आलेली असू शकते. फरक कळतो बटणामागे. बटणाखालच्या गोल लाकडी ब्लॉकचा स्क्रू सैल करून ब्लॉक भिंतीपासून बोटभर सरकवा. मागे कोरा गिलावा असेल तर घर आणि वायरिंग बरोबरचं. मागे चुन्याचे थर असतील तर ब्लेडने हलकेच खरवडून मोजा: पांढरा, त्याखाली निळसर, त्याखाली पिवळा. जितके थर, तितक्या वेळा वीज येण्याआधी ते घर रंगवलं गेलंय. स्लॅबच्या घरात हिशेब आणखी सोपा. पंख्याचा बॉक्स आणि पाइप काँक्रीटच्या आतच असतील तर ते स्लॅब ओततानाच टाकलेले. चिऱ्याच्या भिंतीत मात्र मागाहूनही चर मारून पाइप पुरतात. सिमेंटची उभी ठिगळं दिसली की समजायचं.

वीजबिलावर ‘पुरवठा दिनांक’ असतो. घर निदान तेवढं जुनं, एवढं त्यावरून धरा. अट एकच: जुनं पाडून त्याच जोडणीवर नवं बांधलेलं नसावं. कपाटात जुनं वॉरंटी कार्ड मिळालं तर जिल्हा वाचा. अलिबागच्या पत्त्यात ‘जि. कुलाबा’ किंवा कुडाळच्या पत्त्यात ‘जि. रत्नागिरी’ असेल तर कार्ड बहुधा 1981 च्या आधीचं. रायगड हे नाव आणि सिंधुदुर्ग जिल्हा, दोन्ही त्याच वर्षीचे.

मंगळुरी कौलांवरून वय काढणारे हमखास फसतात. कौलाच्या पोटाकडे ‘बासेल मिशन 1865’ असा ठसा असला तरी ते कारखाना सुरू झाल्याचं साल आहे, कौल भाजल्याचं नव्हे. शिवाय माकडं कौलं फोडतात, दरवर्षी चार बदलतात. माळ्यावरून बॅटरी मारून निदान वीस-पंचवीस ठसे बघा, एकावर जाऊ नका. दापोली-श्रीवर्धन पट्ट्यात छप्पर 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतरचं असू शकतं. चिपळूणच्या बाजारपेठेकडच्या भागात तळमजल्याचा फ्रिज, बोर्ड, मीटर सगळंच जुलै 2021 च्या पुरानंतरचं असण्याचा संभव मोठा. तिथे वरच्या मजल्यावरची बटणं आधी बघावीत.

साक्षी जुळल्या नाहीत, समजा बिलावरचा पुरवठा दिनांक 1978 चा, ब्लॉकमागे चुन्याचे तीन थर आणि फ्रिज 2004 चा, तर फ्रिज सोडून द्या. घर 1978 च्या बरंच आधीचं आहे. मग ग्रामपंचायतीत नमुना 8 चा, म्हणजे घरपट्टी आकारणीचा, चालू उतारा घेऊन परतू नका. जुन्या नोंदवह्या मागा आणि त्या घर क्रमांकाची पहिली आकारणी कोणत्या वर्षी झाली ते शोधा.