शंभर टक्के ब्लॉकेज: गोळ्यांवर राहायचं की वायर घालून उघडायचं?

हृदयाची उजवी धमनी पूर्ण बंद आहे, असं अँजिओग्राफीत निघालं तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, 'मग मी चालतोय कसा?' शेजारच्या धमन्यांनी बारीक आडवाटा काढलेल्या असतात, त्यांच्यावर निभावतं. तीन महिन्यांहून जुन्या अशा पूर्ण ब्लॉकेजला डॉक्टर सीटीओ म्हणतात. (तीन धमन्या खराब आणि वर मधुमेह असेल तर पारडं बहुधा बायपासकडे झुकतं. माझी एकच होती, म्हणून तो विषय इथे घेत नाही.)

आयुष्य वाढेल या आशेने धमनी उघडायची असेल, तर जरा थांबा. 'डिसिजन-सीटीओ' या आशियातल्या चाचणीत आठशेच्या वर रुग्ण होते: एका गटाची धमनी उघडायची, दुसऱ्याला नुसत्या गोळ्या. सुमारे चार वर्षांनी मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा पुन्हा प्रोसीजर यांचं एकत्रित प्रमाण दोन्ही गटांत २२ टक्क्यांच्या आसपासच निघालं. अर्थात गोळ्यांच्या गटातल्या जवळपास पाचांतल्या एकाची धमनी शेवटी उघडलीच, त्यामुळे तो निकाल काहीसा गढूळ आहे. 'धमनी उघडलेले लोक जास्त जगतात' असंही ऐकवलं जातं. पण ती तुलना बहुतेकदा यशस्वी आणि फसलेल्या प्रोसीजरची असते, आणि ज्यांची धमनी सहज उघडते ते मुळातच धडधाकट असण्याची शक्यता जास्त.

त्रासाचं गणित वेगळं. २०१८च्या 'युरो-सीटीओ' चाचणीत वर्षभराने छातीतलं दुखणं पूर्ण थांबलेले लोक स्टेंटच्या (धमनी उघडून आत जाळीची नळी बसवलेल्या) गटात सुमारे ७२ टक्के होते, गोळ्यांच्या गटात ५८. म्हणजे गोळ्याही काही वाईट नाहीत. माझं त्यांच्याशी बिनसलं ते एकाच कारणावरून.

नायट्रेट, म्हणजे छातीतल्या दुखण्यावरची, रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी. सकाळी आठला गोळी घेतली की नऊपर्यंत कानशिलं ठणकायला लागायची. थोड्या दिवसांत सवय होईल, असं सांगितलं होतं. मला आठ महिन्यांत झाली नाही. वर शरीराला या औषधाची सवय लागून असर जाऊ नये म्हणून रात्री त्याला सुट्टी द्यायची, आणि नेमकी पहाटे बाथरूमपर्यंत जाताना छाती आवळायची. दिवसा डोकं, पहाटे छाती. हा त्रास कुठल्याच तक्त्यात दिसत नाही, पण माझा निर्णय त्याने केला.

अँजिओप्लास्टीही सुखाची नव्हती. मनगटातून एक आणि जांघेतून एक अशा दोन नळ्या. पहिल्या वेळी अडीच तासांनी डॉक्टर थांबले. वायर पुढे सरकेना, आणि डाय (धमनी दिसावी म्हणून सोडतात ते औषध) व एक्स-रे दोन्ही मर्यादेला आले होते. तेव्हा चिडलो होतो, आता वाटतं, थांबले तेच बरं केलं. दोन महिन्यांनी डावीकडच्या आडवाटेतून उलट दिशेने वायर नेऊन जमलं. मुरलेल्या हातांतही शंभरात दहा-पंधरा धमन्या उघडत नाहीत, आणि दोन-तीन जणांना धमनीला भोक पडण्यासारखा गंभीर त्रास होतो. त्यामुळे 'तुम्ही अँजिओप्लास्टी करता का' एवढं विचारून भागत नाही. वर्षाला किती सीटीओ करता आणि उलट दिशेने जाता का, हे विचारा. माझ्या पहिल्या भेटीत मी विचारलं नव्हतं.

आता तीन वर्षं झाली. कोलेस्टेरॉलसाठीचं स्टॅटिन आणि अ‍ॅस्पिरिन चालूच आहे, रक्त पातळ करणारी दुसरी गोळी वर्षभराने थांबली. नायट्रेट गेलं आणि त्याच्याबरोबर डोकेदुखीही. जिन्यात दुसऱ्या वळणावर कठडा धरायचो, तो आता धरत नाही. प्रत्येकाचं असंच होईल असं म्हणणार नाही. छातीत काही होतच नसेल आणि गोळ्या निमूट पचत असतील, तर मी स्वतः त्या टेबलावर चढलो नसतो. पण औषधं पुरेशी वाढवूनही दोन जिने चढताना थांबावं लागत असेल, तर मला विचाराल तर दुसरं मत नक्की घ्या, आणि तेही सीटीओ नेहमी करणाऱ्याकडूनच.