अनामत परत आली होती, तरी २,३६,५०० रुपये घालवले

दलालाने दाखवलेल्या तळोज्यातल्या 'कोट्यातल्या' सरकारी घरापायी २,३६,५०० रुपये गेले. सांगायची लाज वाटते, कारण आम्ही काही नवखे नव्हतो. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आधार, पॅन, देशात कुठेही पक्कं घर नसल्याची अट, सगळं पाठ. पण ठाण्यात भाडं भरत सरकारी घरांच्या चौथ्या सोडतीतही नाव लागलं नाही की अत्यल्प उत्पन्न गटातल्या माणसाने करायचं काय?

'फाइल उघडायला' २५,००० रोख. 'साहेबांचे' १,५०,००० रोख. 'मुद्रांक शुल्क' ६१,५०० यूपीआयने, कुणा बाईच्या बचत खात्यात!

मुद्रांक शुल्क सरकारच्या ग्रास प्रणालीतून भरतात, चलनावर जीआरएन क्रमांक येतो. हे माहीत होतं हो. त्याहून जिव्हारी लागतं ते वेगळंच. महिनाभर आधी आमची सोडतीच्या अर्जासोबत भरलेली अनामत रक्कम खात्यात परत जमा झाली होती. अनामत परत आली म्हणजे त्या सोडतीपुरता अर्ज संपला, बँकेचा मेसेज समोर होता. दलाल म्हणाला, 'ती तांत्रिक बाब, रद्द झालेल्या घरांच्या यादीत तुमचं नाव चढवलंय.' आणि आम्ही मान डोलावली. अहो, शिल्लक घरंसुद्धा जाहिरात काढूनच देतात. म्हाडा आणि सिडको दोघंही ओरडून सांगतात की आमचा एजंट नाही.

इरादापत्र, म्हणजे घर देऊ केल्याचं पत्र, हुबेहूब होतं, बोधचिन्ह, सही, शिक्का. फक्त अर्ज क्रमांक आमचा नव्हता. पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर आलं तर आधी सोडतीच्या संकेतस्थळावरचं आपलं लॉगिन उघडून बघा. नोटरी केलेल्या कागदाने घर नावावर होत नाही, दस्त नोंदवावा लागतो.

मग पोलीस. पैसे ठाणे शहरात दिले, घर तळोज्यात, म्हणून एक पोलीस ठाणं दुसऱ्याकडे पाठवतं, दुसरं पहिल्याकडे. 'हे दिवाणी आहे.' 'दलालाकडे गेलातच कशाला?' पाच खेपा, तक्रारीच्या नुसत्या पोचेसाठी तीन आठवडे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवायलाच हवा. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेतलं ३१८(४). हे आम्ही त्यांना सांगायचं? नोंदवत नसतील तर वरिष्ठांना लेखी टपालाने पाठवा, तेही गप्प बसले तर दंडाधिकारी. यूपीआयने पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावा. आम्ही अकरा दिवस घालवले.

अखेर तक्रार घेतली, ती ६१,५०० रुपयांची. उरलेले १,७५,००० रोख होते, ते कागदावर नाहीतच.