कामासाठी कोल्हापूर: काही महिन्यांच्या मुक्कामांनंतर जेवण आणि गाण्याबद्दल

माझं काम कास्टिंगच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या भागांच्या तपासणीचं. पुण्यातली आमची कंपनी पंपाचे भाग कोल्हापूरच्या फौंड्र्यांमधून ओतून घेते, त्यामुळे गेले काही महिने दर महिन्याला माझा मुक्काम इथं पडतो. दिवस गोकुळ शिरगाव किंवा शिरोली एमआयडीसीत जातो आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला मी मोकळी होते. त्या मोकळ्या वेळात चांगलं जेवायला मिळावं आणि समोर बसून गाणं ऐकायला मिळावं, एवढीच माझी अपेक्षा. ओळखदेख नसलेल्या, एकट्या आलेल्या बाईला कामाच्या दिवशी हे जमतं का, ते सांगते.

जमतं, आणि फार छान जमतं. फक्त जेवण आणि गाणं एकाच छपराखाली शोधू नका. इथली ती पद्धतच नाही.

फोनवर ‘लाइव्ह म्युझिक’ शोधलं की हमरस्त्यालगतची मोठी हॉटेलं समोर येतात. त्यातल्या एका ठिकाणी मी सुरुवातीच्या दिवसांत जेवले. गाणारा मुलगा तयारीचा होता, जुनी मराठी गाणी मनापासून म्हणत होता. पण स्पीकर इतका मोठा, की शेजारच्या टेबलावरचे लोक एकमेकांच्या कानात ओरडत होते आणि गाण्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. त्या मुलासाठी वाईट वाटलं. ज्या गावात ऐकणारे इतके जाणते आहेत तिथं त्याला असं गावं लागावं, हे आजही मला पटत नाही.

मार्ग सापडला तो फौंड्रीतच. मोल्डिंगच्या विभागातले एक वयस्कर सुपरवायझर काका माझी विचारपूस करत होते. संध्याकाळी काय करता, म्हणाले. गाणं शोधते म्हटल्यावर ते म्हणाले, “हाटेलात कशाला जाताय मॅडम? देवल क्लबला जावा की. न्हाईतर आमच्यात या, एकादशीला भजन असतंय.” दोन्ही सल्ले मी मानले आणि तिथून माझ्या मुक्कामांचं रूपच पालटलं.

गायन समाज देवल क्लब ही संस्था १८८३ सालची. खासबागेजवळ तिची वास्तू आहे, तिथं गाण्याचे वर्ग चालतात आणि मैफिली होतात. कोल्हापुरात शास्त्रीय गाणं ऐकायचं तर पहिली चौकशी इथं करावी. आत जायला दबकू नका. मी कामावरच्या साध्या कपड्यांत, खांद्याला लॅपटॉपची बॅग अडकवून गेले होते, तरी शेजारच्या आजींनी सरकून जागा दिली आणि कार्यक्रम सुरू होईपर्यंत माझं गाव, माझी नोकरी, सगळं विचारून घेतलं.

या शहराच्या कानाला शंभरावर वर्षांची सवय आहे. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी गवई म्हणून इथं आणलं, आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी इथून महाराष्ट्रभर पसरली. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या खाँसाहेबांच्या शिष्या. खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जी खाँ कोल्हापुरात राहून शिकवत राहिले. धोंडूताई कुलकर्णी त्यांच्याचकडे शिकल्या. पेटीवादक आणि संगीतकार गोविंदराव टेंबे इथलेच. ही नावं मला पुस्तकातून ठाऊक होती. पण मैफलीत गायिकेनं दोन राग मिळून झालेला एक जोडराग सुरू केला आणि पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी दुसऱ्या रागाची जागा येताच अलगद मान हलवली, तेव्हा ती नावं इथल्या लोकांच्या रोजच्या ऐकण्यात किती मुरली आहेत ते दिसलं. मध्यंतरात त्याच आजोबांनी मला सांगितलं, की १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी ध्वनिमुद्रिका अवकाशात पाठवली तीत केसरबाईंची भैरवी आहे. ते हे आपल्या घरातल्या मुलीचं कौतुक करावं तसं सांगत होते. केसरबाई मूळच्या गोव्याच्या, पण त्या अभिमानाला मी मनापासून दाद दिली.

देवल क्लबच्या शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी ते पॅलेस थिएटर म्हणून उभारलं, १९१५ साली खुलं झालं, आणि पुढे गायक-नट संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचं नाव त्याला मिळालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. ९ ऑगस्ट हा केशवरावांचा जन्मदिवस, म्हणजे आदल्याच रात्री. त्या आगीविषयी बोलताना रिक्षावाल्यापासून फौंड्रीच्या मालकापर्यंत प्रत्येकाचा आवाज खाली येतो. पुनर्बांधणीचं काम सरकारनं हाती घेतलं आहे. तोवर कार्यक्रम इतर सभागृहांत वाटले गेले आहेत, म्हणून जायच्या आधी ठिकाण नीट वाचून घ्या. दसरा चौकातल्या राजर्षी शाहू स्मारक भवनातही पुष्कळ कार्यक्रम होतात. वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर बारीक अक्षरांत दिवसाचे कार्यक्रम दिलेले असतात. मुक्कामाच्या लॉजवर सकाळी चहाबरोबर पेपर येतो, त्यातलं ते पान मी सगळ्यात आधी काढते. बरेच कार्यक्रम विनामूल्य असतात आणि बहुतेक संध्याकाळी सहा-साडेसहाला सुरू होतात, म्हणजे एमआयडीसीतून थेट जावं लागतं. जेवण नंतर.

या मधल्या भुकेची सोयही खासबागेतच आहे. खाऊगल्लीत राजाभाऊंची भेळ घ्यायची आणि मग सभागृहात शिरायचं. तिखट बेताचं सांगितलं तर बेताचं देतात, पण कोल्हापुरातलं बेताचं हे पुण्याच्या चांगल्याच तिखटाएवढं असतं हे धरून चाला.

आता जेवणाबद्दल. मला यावर कितीही लिहिता येईल.

सकाळ मिसळीची. शिवाजी उद्यमनगरातली फडतऱ्यांची मिसळ माझ्या कामाच्या वाटेवर पडते, कारण साच्यासाठी लागणारा नमुना, म्हणजे पॅटर्न, बनवणारा आमचा एक माणूस तिथंच आहे. लेथ आणि ग्राइंडरच्या आवाजातल्या त्या गल्लीत सकाळी लवकर जावं, उशिरा गेलं तर रांग मोठी आणि दुपारनंतर काहीच नाही. मटकी, वर फरसाण, कांदा, कोथिंबीर, आणि कट, म्हणजे तिखट रस्सा. सोबत पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस. त्या कट टिपून घेतात आणि तिखट थोडं आवरतात. कट जिभेवर आधी गरम लागतो, मग मसाल्याचा वास नाकात चढतो, आणि तिखट सगळ्यात शेवटी कानाशी येतं. कसबा बावड्यातली बावडा मिसळही मी आवडीनं खाल्ली आहे. कुठली श्रेष्ठ हा वाद इथल्या माणसांपुढे काढू नका, ऑडिटला उशीर होतो.

दुपारी फौंड्रीच्या कॅन्टीनला जेवते, ते जेवण साधं आणि ठीक.

रात्रीचं जेवण म्हणजे तांबडा-पांढरा. लोक तांबड्याचंच नाव जास्त घेतात, पण स्वयंपाक्याचा खरा कस पांढऱ्यात लागतो. मटण आधी आलं-लसूण, मीठ, हळद घालून शिजवतात, त्याचं बिनमसाल्याचं पाणी (इथं त्याला आळणी म्हणतात) दोन्ही रश्श्यांचा पाया. पांढऱ्यात नारळाचं दूध, खसखस, काजू-तीळ आणि पांढरी मिरी. आच जास्त झाली की नारळाचं दूध फुटतं, आणि खसखस नीट वाटली नाही तर रस्सा कचकचतो. जिथं पांढरा गुळगुळीत, गरम आणि मटणाच्या चवीचा असतो तिथं बाकीचं ताटही चांगलंच निघतं, हा माझा अनुभव. तांबड्याला कांदा-लसूण मसाला हवाच. वरची तर्री पाहून घाबरू नये, रंग जेवढा दिसतो तेवढा तो जाळत नाही. सुकं मटण, दही-कांदा, भाकरी, शेवटी भातावर पुन्हा तांबडा. वाटी रिकामी झाली की वाढपी विचारतो, “ताई, पांढरा घेतासा न्हवं?” आणि उत्तराआधी वाढतो.

पद्मा गेस्ट हाऊस, ओपल, परख, देहाती ही नावं कुणीही सांगेल, आणि या ठिकाणी माझी निराशा झालेली नाही. पद्मामधलं जेवण मला सगळ्यात घरचं वाटतं. एक बाब पुण्या-मुंबईच्या सहकाऱ्यांना मी मुद्दाम सांगते: बुधवार, शुक्रवार, रविवार या दिवशी जा. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी इथली अनेक घरं मांसाहार करत नाहीत, त्यामुळे त्या दिवशी गिऱ्हाईक कमी आणि मटण सकाळचं ताजं असेलच असं नाही. त्या दिवसांसाठी अख्खा मसूर आहे. साबूत मसूर, दाट, लसणीचा, वर कच्चा कांदा आणि गरम रोटी. मी शाकाहारी असते तरी या शहरात उपाशी राहिले नसते.

मैफल उशिरा संपली तर स्वयंपाकघरं बंद व्हायच्या बेतात असतात. यावर इलाज म्हणजे आधी फोन करून ताट सांगून ठेवणं. कोल्हापूरकर फोनवर दिलेला शब्द पाळतात. रात्री साडेदहाला मी पोचले तेव्हा माझ्यासाठी भाकरी थापायला घेतलेली होती, ही गोष्ट मी विसरणार नाही.

गंगावेशीचा दूध कट्टा वेगळाच. म्हशी तिथंच उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाळ दूध ग्लासात देतात. तालमीतली पोरं दोन-दोन ग्लास रिचवतात. मला पहिल्यांदा धाडस झालं नव्हतं, आता आवडीनं पिते. कच्चं दूध सोसत नसेल त्यानं मात्र नुसतं पाहावं.

काकांच्या घरचं एकादशीचं भजन हा या सगळ्यातला माझा सगळ्यात आवडता भाग. शिवाजी पेठेतलं जुनं घर, सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, सतरंजी, एक पेटी, एक पखवाज, बाकीच्यांच्या हातात टाळ. दिवसा जी माणसं मला कास्टिंगला चिकटलेली वाळू आणि ब्लो होल, म्हणजे वायूमुळे पडलेली भोकं, दाखवतात तीच रात्री अभंग म्हणत होती. साच्यात धातू ओतणाऱ्या एका दादांचा आवाज असा पल्लेदार, की माइकची गरजच नाही. चुकला ठेका तर पखवाजवाले नजरेनं सांगत, आणि पुढच्या आवर्तनाला सगळे पुन्हा एकत्र. घरातल्या वहिनींनी मला टाळ दिले. शेवटी साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचा लाडू. “पुढच्या खेपेला मिस्टरांना घेऊन या,” असं निघताना बजावलं. असं आमंत्रण पैशानं मिळत नाही आणि मागूनही मिळत नाही. पण कामावरच्या माणसांना आपण काय शोधतोय हे मोकळेपणानं सांगितलं, तर कोल्हापुरात ते आल्याशिवाय राहत नाही.

हलगीसुद्धा ऐका. खासबागेचं कुस्तीचं मैदान शाहू महाराजांनीच बांधलं, गोलाकार, उतरत्या बैठकीचं. मोठ्या कुस्त्या असल्या की हलगी आणि घुमकं घुमतं, पैलवान आखाड्यात उतरला की लय चढते. मी एका सहकाऱ्याच्या कुटुंबाबरोबर गेले होते, बायकांनी तसंच सोबतीनं जावं. ते वादन छातीत ऐकू येतं.

शनिवारी मुक्काम लांबला तर मिरज गाठावं. रेल्वेनं तासाभराचा प्रवास. तिथल्या सतार-तंबोरा बनवणाऱ्यांच्या गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढताना ऐकणं ही माझ्या लेखी पूर्ण मैफल आहे. तार छेडायची, तारांखालच्या घोडीचा पृष्ठभाग अगदी किंचित घासायचा, परत छेडायची. दबलेला स्वर हळूहळू उमलतो. कास्टिंगचा पृष्ठभाग तपासणाऱ्या बाईला त्या कारागिराचा हात पाहताना फार आदर वाटला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात किराना घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत संगीत सभा होते, दर्ग्याच्या आवारात, सगळ्यांना खुली. त्या तारखा धरून पुढची तपासणी लावायची असं मी माझ्या साहेबांना आत्ताच सांगून ठेवलंय.

त्रुटी आहेत. कार्यक्रमांची माहिती एकत्र कुठंच मिळत नाही, त्यामुळे बाहेरगावच्या माणसाचं पुष्कळ हुकतं. पावसाळ्यात, पंचगंगेला पाणी वाढलं की कार्यक्रम पुढे जातात. नकाशाच्या ॲपवरच्या वेळा खानावळींच्या बाबतीत भरवशाच्या नाहीत. एमआयडीसीजवळचं लॉज स्वस्त पडतं, पण संध्याकाळसाठी गैरसोयीचं. मी आता शाहूपुरीत किंवा दसरा चौकाच्या आसपास राहते. तिथून देवल क्लब, शाहू स्मारक आणि जेवणाची ठिकाणं जवळ पडतात. सकाळचा एमआयडीसीचा रस्ता लांबतो, तो सोसावा.

रात्री एकटीनं परतताना मला कधी भीती वाटली नाही. रिक्षा सभागृहाबाहेर मिळते, भाडं आधी ठरवून घ्या. महाद्वार रोडवर अंबाबाईच्या देवळाच्या बाजूला उशिरापर्यंत वर्दळ असते. आणि मैफलीत शेजारी बसलेल्या आजींना नंबर देऊन ठेवा. पुढच्या कार्यक्रमाची तारीख मला पेपरच्या आधी त्यांच्याकडूनच कळते.