लाकडाचा शेपर बसवून व जुळवून देणारी बडोद्यातील सेवा : सहा महिन्यांनंतरचा अभिप्राय

दांडिया बाजारातील जुन्या घरांच्या सागवानी खिडक्या आणि झडपा दुरुस्तीसाठी आमच्याकडे येऊ लागल्या, तसे गोला-गलत्याच्या (फुगीर व खोलगट नक्षीच्या) पट्ट्या हातरंध्याने काढणे परवडेनासे झाले आणि आम्ही 3 अश्वशक्तीचा, 30 मिलिमीटर स्पिंडलचा एक वापरलेला शेपर विकत घेतला. टेबलातून वर आलेल्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे स्पिंडलवर, कटर लावून लाकडाच्या कडेला नक्षी काढणारे हे यंत्र. हा अभिप्राय यंत्राचा नाही. ते बसवून, जुळवून देणाऱ्या आणि दर तीन महिन्यांनी तपासणाऱ्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील (जीआयडीसी) एका छोट्या सेवेचा आहे. मकरपुऱ्यात नुसते ‘शेपर’ म्हटले, तर लोखंड तासणारे मशीन समजले जाते. आमच्याकडे पहिल्यांदा त्या मशीनचाच कारागीर आला होता. फोनवर ‘लाकडाचा स्पिंडल मोल्डर’ असे स्पष्ट सांगावे.

पहिल्या दिवशी या सेवेच्या मिस्त्रींनी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावले आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. त्यानंतरचे दोन तास यंत्र सुरू झालेच नाही. डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारे मापक) लावल्यावर स्पिंडल डगमगते आहे असे दिसले, तेव्हा बेअरिंग गेले असे समजून मी खर्चाचा हिशेब करू लागलो होतो. परंतु त्यांनी स्पिंडलवरच्या सर्व रिंगा काढून रॉकेलने पुसल्या, त्यांच्यामध्ये वाळून बसलेला लाकडाचा डिंक खरवडला, आणि काटा जवळजवळ स्थिर झाला. बेअरिंग विकण्याची संधी त्यांनी सोडली, याची मी मनात नोंद घेतली.

खरा धोका पट्ट्यात निघाला. पुलीवर मिनिटाला 4500, 6000 आणि 9000 फेऱ्यांचे तीन टप्पे आहेत आणि आधीच्या मालकाने पट्टा 9000 वर ठेवला होता. सोबत मिळालेल्या 125 मिलिमीटर व्यासाच्या कटर ब्लॉकवर, म्हणजे पाती धरणाऱ्या ठोकळ्यावर, मात्र कमाल मर्यादा 8000 कोरलेली आहे. 6000 फेऱ्यांना या ब्लॉकची धार सेकंदाला सुमारे 39 मीटर वेगाने फिरते, 9000 ला सुमारे 59 मीटर, आणि पाते सुटलेच तर त्यातील ऊर्जा सव्वादोन पट असते. हे गणित मिस्त्रींनी आमच्या सुतारांसमोर खडूने प्लायवूडवर मांडले. आधीच्या मालकाने दिलेले, सुटी पाती दाबून धरणारे जुने चौकोनी ब्लॉक लावण्यास त्यांनी साफ नकार दिला. हाताने लाकूड सरकवायचे असेल, तर ज्यावर ‘मॅन’ असे कोरलेले आहे आणि ज्यात पाते 1.1 मिलिमीटरपेक्षा अधिक बाहेर येत नाही, असाच ब्लॉक वापरावा, हे युरोपीय मानकातील बंधन त्यांनी सांगितले. नवा ब्लॉक महाग पडला, हे खरे.

फेन्स, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायचा आधार, जुळवताना त्यांनी जे समजावले, ते आम्हांला आधी ठाऊक नव्हते. कडेचा काही भाग शाबूत राहत असेल, तर फेन्सच्या दोन्ही बाजू एका रेषेत ठेवायच्या. संपूर्ण कड तासली जात असेल, तर लाकूड बाहेर पडते ती बाजू कापाच्या खोलीएवढी पुढे घ्यायची, नाहीतर पट्टीच्या शेवटी खड्डा पडतो. लाकूड नेहमी कटरच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने द्यायचे, शक्य असेल तेथे कटर लाकडाच्या खाली ठेवायचा, आणि खोल नक्षी एका दमात न काढता लाकूड दोन-तीन वेळा देऊन काढायची. हातमोजे त्यांनी सुतारांच्या हातांतून काढायला लावले.

तक्रारही नोंदवतो. गार्डचे, म्हणजे कटरवरच्या संरक्षक झाकणाचे, पैसे पहिल्याच दिवशी घेतले, गार्ड मात्र पंधरा दिवसांनी आला, आणि तोपर्यंत यंत्र आम्ही झाकून ठेवले. सुरक्षिततेवर इतके बोलणाऱ्या सेवेने गार्ड सर्वांत शेवटी आणावा, हे मला अजून खटकते. भुसा ओढणारी नळीही आखूड निघाली.

पावसाळ्यातील तपासणीत बिडाच्या टेबलावर गंज चढलेला आढळला. तेल लावले तर सागावर डाग पडतात आणि सिलिकॉनचा फवारा मारला तर पुढे पॉलिश धरत नाही, म्हणून गंज घासून साधे मेण चोळण्यात आले. पट्ट्याचा ताण आणि नटखालची चावीची (स्पिंडलच्या खाचेत अडकून न फिरणारी) वॉशर पाहिली. ही वॉशर नसेल, तर कटरच्या झटक्याने नट सैल होऊ शकतो.

सेवेची किंमत मला पटली ती त्यानंतर. वीजकाम करणाऱ्याने मीटरचा बोर्ड बदलताना दोन फेज उलटे जोडले. मिस्त्रींनी टेबलावर दिशेचा बाण रंगवला होता आणि वीजजोडणीला हात लागला की लाकूड न देता बटण क्षणभर दाबून पाहण्याची सवय सुतारांना लावली होती. त्यामुळे स्पिंडल उलटे फिरते आहे हे आमच्या सर्वांत धाकट्या सुताराने लाकूड हातात घेण्यापूर्वीच ओळखले. फेज बदलायला दहा मिनिटे लागली. पुढच्या तपासणीची तारीख आम्ही घेतली आहे; नळी त्या वेळी बदलून मिळेल, असे आश्वासन आहे.